बिनशिवणीची

अजमानच्या गोदामात गाठोडी फुटतात पहाटे पाचला.
पट्टा सुरू होतो, आणि युरोप येतो
चुरगळलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
कोट एका पिंपात, स्वेटर दुसऱ्या,
चिंध्या तिसऱ्यात.
टोप्यांना आमच्या यादीत रकानाच नाही.

पहिली सापडली ती हिरवी,
विहिरीच्या आतल्या कडेसारखी हिरवी,
भोवती पिळाचा गोफ, गोफात खोचलेला केसांचा झुपका
दाढीच्या ब्रशाएवढा.
डोंगरी बकऱ्याचे केस, मारिसेल म्हणाली,
ऑस्ट्रियात शिकारीला घालतात, नाहीतर लग्नात.
एक दिरहम ठेव आणि ने.

मी ती डोक्यावर घातली नाही.
काठावरून अंगठा फिरवला, उलटा, मग सुलटा,
जसा अब्बा फिरवायचे जेनवर
गडहिंग्लजच्या बाजारात नेण्याआधी.
माग नाही, ताणा नाही, बाणा नाही.
पिंजलेली लोकर, रिठ्याचं कढत पाणी,
आणि चटईत गुंडाळून दिवसभर तुडवणारे चार पाय.
त्यातले दोन नवव्या वर्षापासून माझे.

आता नऊ झाल्यात.
खाटेखाली, केळ्यांच्या खोक्यात,
प्रत्येकीच्या पोटात कुञ्ञुमोनच्या मल्याळी पेपरचा बोळा.
करडीच्या आतल्या चामड्यावर घामाचा नकाशा आहे.
तपकिरीचं पीस गेलं, देठ राहिलं.
एक बाईची की पोराची, ठरत नाही.
आणि एकीला पत्र्याचे अकरा बिल्ले,
दर बिल्ल्यावर एक शिखर.
म्हणजे कुणीतरी अकरा वेळा वर गेला
आणि एकदाही त्याच्या मनात आलं नसेल
की हे सगळं उतरत उतरत
समुद्रसपाटीला लागणार.
आत शाईनं अलोईस. पुढचं पुसलंय.

जुलैत एसी बसतो तेव्हा
घाम आधी टोप्यांना फुटतो, मग आम्हाला.
कसर लागू नये म्हणून
नगरपालिकेच्या लिंबाचा पाला चोरून आणतो.
दिलबहादूर हसतो:
एजंटानं दीड लाखाची घातली, ती पुरली नाही?
खरंय. ती धरली तर दहा.

शुक्रवारी किटलीच्या वाफेवर एकेक धरायची.
मऊ पडते, गाठोड्यातली घडी विसरते,
मग मुठीवर बसवून, फिरवत फिरवत,
तिला तिचं डोकं आठवेपर्यंत थांबायचं.
खोलीभर ओल्या मेंढरांचा वास.

हिरवी अब्बांना फोनवर दाखवली.
जवळ आण, म्हणाले. अजून. दाणा दिसू दे.
पडद्यावर नुसता त्यांचा अंगठा,
काच घासत होता.
ससा आहे हा, म्हणाले. मेंढी नव्हे.
म्हणजे वास माझ्याच नाकातला.

ईदला जैनुद्दीन गावी निघाला, त्याच्याबरोबर ती पाठवली.
वाटलं, घालून दारात बसतील,
फोटो येईल.

महिन्यानं निरोप आला, आवाजाचा, मागे कोंबड्या:
पोरा, रागावू नको. उकळत्या पाण्यात घातली मी.
गोफ सोडला. केस वेगळे ठेवलेत, बांधून.
कशी केली ते बघायचं होतं रे.
काठ सुटला, खळगा सुटला,
शेवटी हातात राहिलं नरसाळं,
नुसतं नरसाळं.
शिवण नाही कुठं. एक टाका नाही.
तुडवलीय त्यांनीबी.

मग बराच वेळ बोलणं नाही.
पिंजण वाजल्यासारखं काहीतरी,
पंखाही असेल.

आठ राहिल्या.
खोक्यात एक बोळा रिकामा आहे, गोल,
डोक्याएवढा.
तो मी टाकलेला नाही.